सृष्टिवैचित्र्य : भूमीच्या पोटांतील एकत्र कुटुंब

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वाचक भगिनीचें पत्र आलें. तें आम्ही येथें थोडक्यांत देतों. कारण त्यांतील प्रश्न एका घराचा नसून आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरांत तो कोणत्या ना कोणत्या रूपानें उभा असावा, असें आम्हांस वाटतें. त्या लिहितात :

“सा. न. वि. वि. आमचें घर एकत्र आहे. मामंजी, सासूबाई, दीर, जावा, मुलेंबाळें मिळून आम्ही चौदा माणसें एका चुलीवर जेवतों. धाकट्या भाऊजींची बदली झाल्यापासून त्यांनीं वेगळें बिऱ्हाड करावें कीं नाहीं, हा वाद घरांत चालू आहे. परवां रात्रीं जेवतांना मामंजींनीं आफ्रिकेंतील एका उंदरासारख्या प्राण्याची हकीकत सांगितली. ते म्हणाले, ‘हा प्राणी जमिनीखालीं मोठ्या संख्येनें एकत्र राहतो. माता एकच, बाकीचे सारे तिच्या लेकरांसाठीं राबतात. मुक्या जनावरास जें कळतें तें आजच्या शिकलेल्यांस कळूं नये काय? एकत्र राहणें हा निसर्गाचा नियमच आहे.’ कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या धाकट्या भगिनी, त्या वेळीं वाढत होत्या. त्यांनीं लग्न केलें नाहीं. गेलीं चाळीस वर्षें ह्या घरांत त्यांचे हात थांबलेले नाहींत. त्या हळूच म्हणाल्या, ‘दादा, त्या राबणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का?’ मामंजी निरुत्तर झाले आणि पंगत तशीच उठली. मामंजींनीं सांगितलेली हकीकत खरी काय, व तीवरून त्यांनीं काढलेलें अनुमान बरोबर काय, हें आपण आपल्या सदरांतून कळवावें.”

प्रश्न दोन आहेत आणि दोहोंचीं उत्तरें निरनिराळीं आहेत. हकीकत बव्हंशीं खरी आहे. अनुमानाविषयीं मात्र आम्हांस बरेंच बोलावयाचें आहे. न्यायाधीशापुढें एखादा साक्षीदार उभा राहिला म्हणजे प्रथम त्याचें नांव, मग कूळ, मग गांव विचारतात, आणि त्यानंतरच त्याची साक्ष घेतात. मामंजींनीं हा प्राणी साक्षीस बोलाविला आहे. तेव्हां आम्हीही त्याच क्रमानें जाऊं.

प्रथम नांव. ह्या प्राण्यास इंग्रजींत ‘नेकेड मोल-रॅट’ म्हणतात. तो आपल्या देशांत आढळत नाहीं, त्यामुळें मराठींत त्यास रूढ नांव नाहीं. ह्या लेखापुरतें आम्ही त्यास ‘केशहीन भूमूषक’ म्हणूं. शेपूट सोडून त्याची लांबी ८ ते १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण मोठ्या माणसाच्या बोटाएवढी. वजन बहुधा ३० ते ३५ ग्रॅम. कातडी गुलाबी व सुरकुतलेली, तीवर तुरळक लांब केस. हे केस उबेसाठीं नसून अंधारांत चांचपडण्यासाठीं आहेत. डोळे मोहरीच्या दाण्याएवढे, कानास पाळी नाहीं. पुढचे चार मोठे दांत ओठांच्या बाहेर असतात आणि ओठ त्या दांतांच्या मागें मिटतात. ह्यांत मोठी सोय आहे : हा प्राणी दांतांनींच जमीन खोदतो, आणि ओठ मागें मिटल्यामुळें माती तोंडांत जात नाहीं. त्याच्या अंगांतील एकूण स्नायूंपैकीं सुमारें चतुर्थांश स्नायू एकट्या जबड्याचे आहेत, ह्यावरून त्याच्या आयुष्यांत दांतांचें महत्त्व किती तें दिसेल.

शास्त्रज्ञांच्या दप्तरांत ह्याची प्रथम नोंद फ्रांकफुर्टचा प्रवासी व प्राणिशास्त्रज्ञ एडुआर्ड रूपेल ह्यानें १८४२ सालीं केली. त्यास इथिओपियांतील शोआ प्रांतांतला नमुना मिळाला होता. ‘हेटेरोसेफॅलस ग्लॅबर’ असें नांव त्यानें ठेविलें. ह्याचा अर्थ ‘निराळ्या डोक्याचा, गुळगुळीत अंगाचा’. हा एखादा रोगानें केस गळलेला प्राणी असावा किंवा नुसतें पिल्लूं असावें, अशी शंका त्या काळीं आली असें सांगतात. आणि ती येणें स्वाभाविकच होतें. पुढें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील ऑल्डफील्ड टॉमस ह्यानें १८८५ सालीं सोमालीलँडांतून आलेले नमुने तपासले. तेव्हां पूर्ण वाढलेला प्राणी असाच असतो, ह्याविषयीं शंका राहिली नाहीं.

हा टॉमस मोठा उद्योगी पुरुष होता. सस्तन प्राण्यांच्या दोन हजारांहून अधिक जातीउपजातींस त्यानें नांवें दिलीं. परंतु नांवें देण्याच्या उत्साहास ह्या प्राण्याच्या बाबतींत थोडा अतिरेक झाला. एक नमुना आकारानें लहान आढळला, त्याची निराळी जाति केली. दुसऱ्याची कवटी थोडी वेगळी दिसली, त्याची आणखी एक. टॉमस व त्याच्या मागून आलेले इतर पंडित मिळून १८८५ ते १९३४ ह्या पन्नास वर्षांत फिलिप्स, आन्सोर्ज, डन, स्कॉर्टेची अशा निरनिराळ्या गृहस्थांच्या नांवांवरून ह्या एकाच प्राण्याच्या कित्येक ‘जाति’ पुस्तकांत दाखल झाल्या. पुढें अधिक नमुने एकत्र ठेवून पाहतां हे सारे भेद एकाच जातीच्या पोटांत मावतात असें ठरलें. एकाच बिळांत राहणारीं भावंडेंही आकारानें पुष्कळ लहानमोठीं असतात, हें आज ठाऊक आहे. पेटींतून आलेल्या दोनचार सुक्या कातड्यांवरून तें कळावें कसें? माणूस पाहण्यापूर्वीं त्याचें घर पाहावें, ही आपल्याकडील सोयरीक जुळविण्याची रीत येथेंही उपयोगी पडली असती.

आतां कूळ. उंदीर, घूस, खार, साळू हे सारे कुरतडणारे, म्हणजे कृंतक गणांतले प्राणी. ह्यांत केशहीन भूमूषक कोणाच्या जवळचा? नांव उंदराचें आहे, तोंडवळाही ओढूनताणून उंदराचा म्हणतां येईल. पण कूळ उंदराचें नाहीं. जबड्याच्या हाडाची ठेवण, आणि अलीकडे रक्तांतील वंशद्रव्याची परीक्षा, ह्या दोन्ही गोष्टी एकच सांगतात कीं, हा साळूच्या गोतांतला आहे. ज्या साळूचा काटा आपल्याकडे सीमंतोन्नयनाच्या संस्कारांत लागतो, ती साळू ह्या प्राण्यास आपल्या माळ्यावरच्या उंदरापेक्षां जवळची आहे. एक काट्यांनीं भरलेली, दुसरा केसांवांचून उघडा. तरी गोत एक! शब्दांची गोष्ट ह्याच्या उलट झाली आहे. ह्या प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांत उंदीर ह्या अर्थी येणारा ग्रीक ‘मिस्’, लॅटिन ‘मुस्’ आणि आपला संस्कृत ‘मूष्’ हे शब्द एकाच घराण्यांतले आहेत. शब्द सगोत्र, पण ज्यांस ते लाविले ते प्राणी मात्र भिन्नगोत्री, असा हा चमत्कार आहे.

बाह्य रूपानें फसण्याचा धोका किती आहे, ह्याचें आणखी एक उदाहरण देतों. ह्याच रूपेलनें ह्याच १८४२ सालीं इथिओपियांतल्याच दुसऱ्या एका बिळवासी प्राण्याचें वर्णन केलें. तो उंच पठारावर राहणारा, दाट केसांचा, मोठ्या डोक्याचा मूलभक्षक उंदीर. दोघेही जमिनीखालीं राहतात, दोघांचेही डोळे बारीक व दांत मोठे. पण तो निराळ्याच कुळांतला आहे, आणि त्याचे आप्त आपल्या ईशान्य भारतांतील बांबूच्या बनांत राहणारे बांबू-उंदीर आहेत. तिसरा ‘सोनेरी मोल’ म्हणून दक्षिण आफ्रिकेंत आहे. तोही वाळूंत बिळें करतो, पण तो कृंतक गणांतलाच नव्हे, त्याचें दूरचें नातें हत्तीशीं पोंचतें. मातीखालीं जगावयाचें म्हटलें म्हणजे शरीर आंखूड, डोळे लहान, दांत किंवा नखें बळकट हीं हवींतच. त्यामुळें भिन्न भिन्न कुळांतले प्राणी तेथें जाऊन एकमेकांसारखे दिसूं लागले. म्हणून सारखेपणावरून नातें ठरवूं नये. हा धडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें मामंजींच्या अनुमानाचा विचार करतांना तो आपणांस लागणार आहे.

केशहीन भूमूषकाचे खरे जवळचे आप्त म्हणजे आफ्रिकेंतील इतर भूमूषक. त्यांचे मुख्य पांच वंश आहेत, आणि त्यांचीं ग्रीक नांवें अर्थासह पाहिलीं तर मोठीं मनोरंजक आहेत. ‘बॅथिएर्गस’ म्हणजे खोलवर काम करणारा. ‘जिओरिकस’ म्हणजे भूमि खणणारा. ‘हीलिओफोबिअस’ म्हणजे सूर्यास भिणारा. ‘क्रिप्टोमिस’ म्हणजे लपलेला मूषक. पांचवें नांव ‘फुकोमिस’ हें २००६ सालीं पडलें. त्यांतील ‘फुको’ हा ग्रीक शब्द नव्हे; बांटू भाषांत ह्या प्राण्यांस लोक ज्या नांवानें ओळखतात तेंच तें नांव आहे. दीडशें वर्षें परदेशी भाषेंत नांवें घेतल्यानंतर ह्या प्राण्यांस त्यांच्या मायभूमींतलें नांव मिळालें, हें उचितच झालें.

ह्या सर्वांस पूर्वीं ‘बॅथिएर्गिडी’ ह्या एकाच कुटुंबांत घालीत असत. परंतु वंशद्रव्याच्या तपासणीवरून असें दिसतें कीं, केशहीन भूमूषकाची शाखा बाकीच्यांपासून सुमारें तीन कोटि वर्षांपूर्वींच फुटली. म्हणून पॅटरसन व अपहॅम ह्या दोघां अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं त्याचें ‘हेटेरोसेफॅलिडी’ नांवाचें स्वतंत्र कुटुंब करावें असें सुचविलें. कित्येकांनीं तें मान्य केलें. कित्येक अजून जुन्या एकत्र कुटुंबांतच त्यास ठेवितात. एकत्र राहण्याबद्दल जो जगांत नांवाजलेला, त्यासच पंडितांनीं वांटणी करून वेगळा काढावा, हा योग विनोदी खरा. पण ह्या वांटणीनें कोणाचें कांहीं गेलें नाहीं. नातें तुटलें नाहीं, तें किती जुनें आहे एवढेंच स्पष्ट झालें.

कोणास वाटेल, नांव हें असलें काय किंवा तें असलें काय, प्राण्यास त्याचें काय होय? ह्याचें उत्तर झांबिया देशांतील एका लहानशा भूमूषकाच्या इतिहासांत आहे. १९९० सालीं बुर्डा व त्याचे सहकारी ह्यांनीं असें दाखविलें कीं, हे प्राणी पृथ्वीच्या चुंबकशक्तीवरून दिशा ओळखतात. गोल आंगणांत सोडले तर बहुधा आग्नेयेच्या बाजूस घरटें बांधतात, आणि भोंवतालचें चुंबकीय क्षेत्र कृत्रिम रीतीनें फिरविलें तर घरट्याची दिशाही फिरते. शोध मोलाचा होता. पण ज्यावर प्रयोग झाले त्या प्राण्यास त्या वेळीं ‘क्रिप्टोमिस हॉटेंटोटस’ म्हटलें होतें. हें नांव खरें म्हणजे दक्षिणेकडे दूरवर राहणाऱ्या दुसऱ्याच जातीचें. प्राण्याच्या पेशींतील गुणसूत्रें मोजल्यावर ती चूक कळली : झांबियांतील ह्या प्राण्यांत गुणसूत्रें ६८, दक्षिणेकडील जातींत ५४. तेव्हां १९९९ सालीं झांबियांतील सस्तन प्राण्यांचा अभ्यासक आन्सेल ह्याच्या नांवानें त्याची निराळी जाति झाली, आणि २००६ सालीं तो ‘फुकोमिस आन्सेली’ ठरला. सोळा वर्षांत एकाच प्राण्याचीं तीन नांवें झालीं!

आतां ह्यांतील महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा आन्सेलचा भूमूषक लुसाका ह्या राजधानीच्या आसपासच्या थोड्या मुलखांतच राहतो, आणि राजधानी तर वाढते आहे. जोंपर्यंत तो मोठ्या मुलखांत पसरलेल्या एका जातीचा एक भाग म्हणून मोजला जात होता, तोंपर्यंत त्याच्या शेतामाळावर घरें उठलीं तरी कोणास त्याची खंत वाटण्याचें कारण नव्हतें. ‘दुसरीकडे पुष्कळ आहेत’ असेंच उत्तर मिळालें असतें. निराळें नांव मिळालें तेव्हां कळलें कीं तो दुसरीकडे नाहींच. ज्यास स्वतःचें नांव नाहीं त्याचा तोटा हिशेबांत धरला जात नाहीं. वर्गीकरण हें कोरडें शास्त्र आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं ह्या गोष्टीचा विचार करावा.

आतां गांव. दक्षिणेकडून निघूं. आफ्रिकेच्या अगदीं टोंकास, केप प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूंत, मोठा बॅथिएर्गस राहतो. भूमूषकांत हा सर्वांत थोर. नराचें वजन दीड किलोच्या वर, कधीं दोन किलोपर्यंत जातें. वाळू मऊ असल्यामुळें हा दांतांऐवजीं पुढच्या पायांच्या नखांनीं खोदतो. त्याच प्रांतांत जिओरिकस आहे. त्याच्या कांहीं टोळ्या तेथून फार दूर, पूर्वेकडील क्वाझुलु-नाताळ व म्पुमालांगा ह्या भागांत, एकाकी पडलेल्या आढळतात. मधला मुलूख रिकामा. कोरड्या जमिनी मध्यें आल्या म्हणजे जमिनीखालून चालणारा प्राणी त्या ओलांडणार कसा? हीलिओफोबिअसचा मुलूख पूर्वेस केनियापासून टांझानिया, मलावी ह्या देशांतून मोझांबिकपर्यंत. त्याच्या एका जातीच्या खरोखर अनेक जाति आहेत असें २०११ सालच्या संशोधनानें सुचविलें आहे. क्रिप्टोमिस दक्षिण आफ्रिकेंत व भोंवतालीं. फुकोमिस घानापासून झांबियापर्यंत व खालीं नामिबिया-बोट्स्वानाच्या कालाहारी वाळूपर्यंत पसरलेला. नद्या, पर्वत, आणि मुख्यतः पूर्व आफ्रिकेंतील भूमि दुभंगून झालेली मोठी रिफ्ट दरी, ह्यांनीं ह्या प्राण्यांच्या टोळ्या एकमेकींपासून तोडल्या, व तुटलेल्या टोळ्या काळेंकरून निरनिराळ्या जाति झाल्या.

केशहीन भूमूषक मात्र ह्या सर्वांच्या उत्तरेस, आफ्रिकेच्या शिंगासारख्या पुढें आलेल्या भागांत राहतो : इथिओपिया, सोमालिया, केनियाचा कोरडा मुलूख, आणि जिबूती. जमीन उन्हानें भाजून दगडासारखी कठीण झालेली. पाऊस थोडा आणि लहरी. तेथील वनस्पति पाण्याचा सांठा जमिनीखालीं मोठमोठ्या कंदांत करून ठेवतात. कांहीं कंद सुरणाच्या गड्ड्याहून कितीतरी मोठे, कित्येक किलो वजनाचे असतात; पण ते एकमेकांपासून दूर, विखुरलेले. भूमूषक जमिनीवर येत नाहीं, त्यामुळें कंद कोठें आहे हें त्यास आधीं कळत नाहीं. आंधळ्यासारखें खणत जावयाचें, नशिबीं असेल तर कंद लागतो. एकटा प्राणी असा खणूं लागला तर कंद लागण्यापूर्वींच मरावयाचा. पण ऐंशी प्राणी मिळून खणूं लागले तर त्यांतल्या एकास तरी कंद लागतो, आणि एक कंद सर्वांस पुष्कळ दिवस पुरतो. शिवाय ते कंद पोखरून आंतला गर खातात, साल ठेवितात व भोंक मातीनें बुजवितात. मग कंद पुन्हां भरतो.

ह्या गांवांत ह्या प्राण्यानें जें घर थाटलें त्याची हकीकत केनियांत व पुढें केपटाउनच्या विद्यापीठांत काम करणाऱ्या जेनिफर जार्विस ह्या विदुषीनें १९८१ सालीं प्रसिद्ध केली, आणि प्राणिशास्त्रज्ञ थक्क झाले. तोंपर्यंत मुंग्या, मधमाश्या, वाळवी ह्यांच्यासारखी राणी व कामकरी अशी व्यवस्था सस्तन प्राण्यांत कोणी पाहिली नव्हती. मौजेची गोष्ट अशी कीं, रिचर्ड अलेक्झांडर नांवाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानें आधींच तर्क केला होता : पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असा समाज निघालाच तर तो उष्ण व कोरड्या मुलखांत, कठीण जमिनीखालीं, कंदांवर जगणारा असावा. त्यानें वर्णन केलें आणि प्राणी मागाहून सांपडला.

आतां साक्ष. एका वसाहतींत सरासरी ७५ ते ८० प्राणी असतात. कधीं ही संख्या तीनशेंच्या जवळ जाते. बोगद्यांची एकूण लांबी कित्येक किलोमीटर भरते. पाऊस पडून माती नरम झाली म्हणजे खोदकामास जोर येतो. तेव्हां एक प्राणी दांतांनीं माती फोडतो, त्यामागची रांग ती मागें मागें सारते, आणि शेवटचा ती लाथांनीं बाहेर उडवितो. वसाहतींत एकच मादी प्रसवते. तिचे जोडीदार एक ते तीन. बाकीचे नर व माद्या आयुष्यभर खणतात, अन्न आणतात, पिल्लें सांभाळतात, आणि साप शिरला तर त्यास दांत दाखवितात. राणी एका वेळीं सुमारें बारा पिल्लें देते. सत्तावीस झाल्याचीही नोंद आहे. प्रत्येक वसाहतीची चिवचिव देखील निराळी असते. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, लहानपणीं दुसऱ्या वसाहतींत वाढविलेलें पिल्लूं त्या नव्या घराचीच बोली शिकतें, आणि राणी गेली म्हणजे वसाहतीच्या बोलींत घोंटाळा माजतो.

इतकें ऐकून मामंजींस समाधान वाटेल. पण साक्ष अर्धी ऐकूं नये. बाकीच्या माद्या प्रसवत नाहींत त्या वैराग्यानें नव्हे. राणीचा दरारा असेतों त्यांचें शरीर त्या योग्यतेस येतच नाहीं. वसाहतींतून काढून निराळी ठेवली तर तीच मादी प्रसवूं शकते. राणी बोगद्यांतून फिरत असते आणि कामचुकारांस डोक्यानें ढकलून कामास लावते; १९९२ सालीं हें निरीक्षण प्रसिद्ध झालें. राणी मेली तर तिच्या जागेसाठीं माद्या एकमेकींशीं लढतात, आणि त्यांत जीव जातात. उलट, कांहीं प्राणी अंगांत चरबी सांठवून, कामांतून अंग काढून, संधि मिळतांच घर सोडतात व परक्या वसाहतीचा शोध घेतात. असे ‘घर सोडणारे’ १९९६ सालीं ओळखले गेले. म्हणजे मामंजींच्या आदर्श घरांतही धाकटे भाऊजी आहेतच!

आणि आतां कुळाचा व गांवाचा तपशील आपण उगीच घेतला नाहीं हें दिसेल. केशहीन भूमूषक एकत्र राहतो. पण त्याचे सख्खे चुलत म्हणावे असे बॅथिएर्गस, जिओरिकस व हीलिओफोबिअस हे एकटे राहतात. प्रत्येकाचें बीळ निराळें. जिओरिकस तर शेजाऱ्याशीं बोलावयाचें झाल्यास मागच्या पायांनीं जमिनीवर ताल धरतो. भिंतीपलीकडून एवढाच काय तो व्यवहार, आणि नरमादीची गांठ पडते तीही ह्याच खुणेनें. त्यांच्या मुलखांत माती मऊ किंवा पाऊस बरा, कंदमुळें जवळजवळ, एकट्याचें भागतें. मग कालाहारीच्या कोरड्या वाळूंत दामारालँडचा फुकोमिस पुन्हां राणी-कामकऱ्यांचें कुटुंब करून राहतो, जरी केशहीन भूमूषकाशीं त्याचें नातें दूरचें आहे. झांबियांतल्या फुकोमिसांस पाऊस पुरेसा मिळतो, तरी तेही कुटुंबानेंच राहतात. तेव्हां सारेंच पावसावर नाहीं, वंशाची संवयही आहे. एकत्रपणा ह्या कुळांत दोनदां स्वतंत्रपणें उपजला, कीं मुळांत होता व कित्येकांनीं तो सोडला, ह्याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. पण एक गोष्ट निर्विवाद आहे : निसर्गानें एकाच कुळांत एकास एकत्र राहावयास लाविलें व दुसऱ्यास वेगळें, आणि दोघांसही जगविलें. ह्यांत नियम शोधावयाचाच तर तो एवढाच कीं, जशी माती, जसें अन्न, जशी गरज, तसें घर.

ह्या प्राण्याच्या अंगीं आणखी विलक्षण गोष्टी आहेत, त्यांचा येथें नुसता उल्लेख करतों. माळ्यावरचा उंदीर दोनतीन वर्षें जगतो. हा तीस वर्षांहून अधिक जगतो. प्राणवायु मुळींच नसलेल्या हवेंत तो अठरा मिनिटें तग धरूं शकतो, हें २०१७ सालीं दिसून आलें. कर्करोग त्यास क्वचितच होतो; मुळींच होत नाहीं असें पूर्वीं म्हणत, पण २०१६ सालापासून कांहीं उदाहरणें नोंदलीं गेलीं आहेत. ह्या सर्वांचा अभ्यास मोठमोठ्या प्रयोगशाळांतून चालू आहे. त्याविषयीं पुढें कधीं तरी सविस्तर लिहूं.

आतां आमच्या भगिनीस उत्तर. मामंजींची हकीकत खरी, पण तिच्यावरून निघणारा हुकूम खरा नव्हे. हा प्राणी एकत्र कुटुंबाच्या बाजूचा साक्षीदार नाहीं आणि विभक्त कुटुंबाच्या बाजूचाही नाहीं. भाऊजींनीं वेगळें बिऱ्हाड करावें कीं नाहीं, हें त्यांच्या नोकरीचें गांव, पगार, मुलांच्या शाळा आणि मामंजींचें वय पाहून ठरवावें. आफ्रिकेंतल्या बिळांत डोकावून ठरवूं नये. आम्ही स्वतः एकत्र घरांत वाढलों आहों. आजारपणांत, बाळंतपणांत, कोणाची नोकरी गेली असतां त्या घरानें जो आधार दिला, तो आम्ही विसरलों नाहीं. मामंजींस तो आधार तुटण्याची भीति वाटत असेल, तर ती भीति खोटी नाहीं. त्यांनीं ती भीति म्हणूनच बोलून दाखवावी. तिच्यावर निसर्गनियमाची शाल पांघरण्याचें कारण नाहीं.

आणि ह्या सर्व वादांत खरा प्रश्न ज्यांनीं केला त्या आत्याबाई! त्यांच्या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर असें कीं, ‘नाहीं, त्या राबणाऱ्यांस कोणी विचारलें नव्हतें, विचारण्याची सोय त्या प्राण्यांत नाहीं.’ माणसांत ती आहे. मनुष्याचें घर व भूमूषकाचें बीळ ह्यांत आम्हांस दिसणारा मोठा भेद हाच. चाळीस वर्षें ज्या घरांत एका बाईचे हात थांबले नाहींत, त्या घरांत एकदां तरी कोणी त्यांस ‘तुम्हांस काय हवें?’ असें विचारलें होतें काय? पत्र दोनदां वाचल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यांत धाकट्या भाऊजींची बदली आहे, मामंजींचें मत आहे, घरांतल्या माणसांची संख्याही आहे. पण चौदा माणसें मोजतांना आत्याबाईंस निराळें नांव दिलेलें नाहीं. मामंजी, सासूबाई, दीर, जावा, मुलें ह्यांत त्या कोठें बसतात? हें आम्ही दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. लिहिणाऱ्या भगिनीच्या मनांत त्यांच्याविषयीं माया आहे, म्हणूनच हें पत्र आमच्यापर्यंत आलें. पण लुसाकाजवळच्या त्या भूमूषकाप्रमाणें, सर्वांत मिसळून मोजलेल्या माणसाचा तोटा घराच्या हिशेबांत धरावयाचा राहून जातो.

म्हणून आमची सूचना एवढीच. हा अंक हातीं पडल्यावर हा लेख रात्रीं सर्वांसमोर वाचावा. त्या रात्रीं आत्याबाईंनीं वाढूं नये. त्यांनीं पानावर बसावें व भाऊजींनीं वाढावें. बिऱ्हाडाचा निकाल लागेल तेव्हां लागेल. त्या आधीं मामंजींनीं आपल्या भगिनीस तिचाच प्रश्न परत विचारावा, आणि त्या काय म्हणतात तें, त्यांची हरकत नसल्यास, आम्हांस अवश्य कळवावें.